फुकट आवृत्ती पुरेल की पैसे भरावेत? २२ जणांचं ऑफिस, गूगल / टीम्स / स्लॅक / झूम

दादर_ड्रॉइंगरूम

आर्किटेक्टचं ऑफिस, दादर पश्चिम. एकूण २२ जण, त्यातले १४ ऑफिसात आणि ८ साइटवर (मुलुंड, ठाणे, पनवेल). सध्या ज्याचं त्याचं खासगी जीमेल, ड्रॉइंगं एका कॉमन जीमेलच्या ड्राइव्हवर आणि रोजचं बोलणं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर. सोमवारचा रिव्ह्यू गूगल मीटवर होतो. तो दीड तास चालतो आणि तासाला कॉल बंद पडतो. ड्राइव्हचे १५ जीबी भरत आलेत.

सगळ्या कंपन्यांचे तुलनेचे तक्ते वाचले, पण बरोबरच्या खुणा आणि फुल्या मोजून काही ठरत नाही. फुकटात नेमकं कुठे अडतं? पैसे भरायचे तर २२ जणांचेच भरावे लागतात का? आणि जुनं सगळं हलवताना काय बिघडतं?

---

फाइल_कुणाची

तक्ते बाजूला ठेवा. जुनं किती काळ राहतं आणि ते कुणाच्या ताब्यात राहतं, खरा फरक तिथे आहे. मीटिंगच्या मिनिटांची चर्चा सगळ्यात जास्त होते, पण ते दुखणं सगळ्यात स्वस्तात बरं होतं.

आधी तेच घेऊ. फुकट मीटवर तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटं, जास्तीत जास्त १०० माणसं. ५५व्या मिनिटाला सगळ्यांना सूचना येते. दोघंच असतील तर २४ तास चालतं. झूमवर ४० मिनिटं, आणि २०२२ पासून दोघांच्या कॉललाही तेवढीच. टीम्सवर ६० मिनिटं, १०० जण. पण मीटिंग ज्याच्या खात्यावरून लावली, त्याच्या खात्याची मर्यादा लागते. रिव्ह्यू लावणाऱ्या एकाचं खातं पैशाचं असेल तर बाकी २१ जण फुकट खात्यावरून येऊनही कॉल तुटत नाही. फक्त सोमवारचाच त्रास असेल तर एकच लायसन्स घ्या, विषय संपला.

आता जुन्या मजकुराचं. स्लॅकच्या फुकट आवृत्तीत मागचे ९० दिवसच दिसतात, संदेश आणि फाइल दोन्ही. २०२२ पर्यंत १०,००० संदेशांची मर्यादा होती आणि बऱ्याच जुन्या लेखांत अजून तीच सापडते, तिच्यावर जाऊ नका. ९० दिवसांपलीकडचं आधी नुसतं झाकलेलं असायचं, पैसे भरले की परत दिसायचं. ऑगस्ट २०२४ पासून एक वर्षापेक्षा जुनं कायमचं पुसलं जातं. म्हणजे ‘गरज पडली की भरू’ हा हिशेब आता चालत नाही.

तुमच्या धंद्यात हे फार महत्त्वाचं आहे. आयओडी (पालिकेची बांधकामाची सशर्त परवानगी) ते ओसी (राहायला जायची परवानगी) ही काही ९० दिवसांची गोष्ट नाही. प्लिंथच्या (जोत्याच्या) वेळी क्लायंटने खिडकीचं माप बदलायला सांगितलं होतं की नव्हतं, हा वाद फिनिशिंगला निघतो.

स्लॅकचं आणखी एक. तिथे प्लॅन अख्ख्या वर्कस्पेसला लागतो, १४ जण पैशाचे आणि ८ जण फुकट असं एकाच जागेत जमत नाही. जो सभासद वापरतच नाही त्याचे पैसे मात्र ते क्रेडिट म्हणून परत देतात. फुकटात बाहेरची अ‍ॅप्स १० पर्यंतच जोडता येतात, हडलमध्ये (स्लॅकमधल्या कॉलमध्ये) दोघंच बोलू शकतात आणि पाहुण्यांची खाती मिळत नाहीत.

टीम्सची फुकट आवृत्ती खासगी मायक्रोसॉफ्ट खात्यांवर चालते, माणशी ५ जीबी. तिथे ऑफिसचा अ‍ॅडमिन हा प्रकारच नाही. टीम्स इसेन्शियल्स घेतलं तर ३०० जण, ३० तास आणि माणशी १० जीबी मिळतात, पण स्वतःच्या डोमेनचा मेल नाही. मेल आणि माणशी १ टीबी हवं असेल तर बिझनेस बेसिक. मायक्रोसॉफ्टची एक गोष्ट चांगली आहे, एकाच ऑफिसात काहींना बेसिक आणि काहींना स्टँडर्ड देता येतं. ज्यांना कॉम्प्युटरवर बसवलेलं एक्सेल लागतं (बहुतेक बीओक्यू, म्हणजे कामाच्या मापांचा तक्ता, करणारे दोघं-तिघंच), त्यांनाच वरचं लायसन्स द्या.

ट्रेलो आणि नोशन या कामांची यादी आणि नोंदी ठेवायच्या अ‍ॅप्सचा फुकटात विचार नको. ट्रेलोवर वर्कस्पेसमध्ये १० जण आणि एका फाइलला १० एमबी. नोशनवर दुसरा सभासद आला की १,००० ब्लॉकची (परिच्छेद, चित्र असा प्रत्येक तुकडा एक ब्लॉक) मर्यादा, फाइल ५ एमबी. ए-वन आकाराच्या पीडीएफचा एक संच त्यात मावत नाही.

---

चौथा_मजला

वरचं सगळं बरोबर आहे. फक्त त्या कॉमन जीमेलबद्दल बोलायला हवं, कारण खरा धोका तिथे आहे.

खासगी ड्राइव्हमध्ये फोल्डर कुणाचंही असो, फाइल जो चढवतो तिचा मालक तो. जागाही त्याच्याच १५ जीबीतून जाते. त्यामुळे तुमच्या ‘कॉमन’ फोल्डरमधल्या कितीतरी फाइल खरं तर वेगवेगळ्या मुलांच्या खासगी खात्यांच्या असतील. त्यातल्या एकाने नोकरी सोडल्यावर आपलं ड्राइव्ह साफ केलं की त्या फाइल तुमच्याकडूनही जातात, आणि मागायला कुणी अ‍ॅडमिन नसतो. आजच तपासा: ड्राइव्हच्या शोधपट्टीत उजवीकडे फिल्टरचं चिन्ह आहे, त्यात ‘मालक’ या रकान्यात एकेकाचा पत्ता घालून बघा. फोल्डरची मालकी दिली म्हणून आतल्या फाइलींची मालकी जात नाही, तेही लक्षात असू द्या.

सगळेच त्या खात्यात लॉगिन करत असतील तर दुसरं घोडं अडतं. टू-स्टेपचा कोड एकाच फोनवर येतो. तो माणूस विरार लोकलमध्ये असला की ऑफिस थांबलं. शिवाय १५ जीबी हे मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. ते भरले की येणारे मेल बंद होतात, आणि पाठवणाऱ्याला परत गेलेला मेल दिसतो, तुम्हाला काहीच दिसत नाही.

पैशाच्या आवृत्तीत खरं कामाचं काय, तर शेअर्ड ड्राइव्ह. तिथे फाइल संस्थेची असते, माणूस गेला तरी जागची हलत नाही. त्यासाठी गूगल वर्कस्पेस बिझनेस स्टँडर्ड धरा: माणशी २ टीबी, तीही सगळ्यांची मिळून एकत्र, मीटिंगमध्ये १५० जण आणि रेकॉर्डिंग. स्टार्टरमध्ये माणशी ३० जीबी आणि रेकॉर्डिंग नाही. रेकॉर्डिंग मात्र मीटिंग लावणाऱ्याच्या ‘माय ड्राइव्ह’मध्ये जाऊन पडतं, ते उचलून शेअर्ड ड्राइव्हमध्ये टाकायची सवय लावा.

हलवताना: खासगी जीमेलच्या फाइलची मालकी कंपनीच्या खात्याला थेट देता येत नाही. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगच्या फाइल) आणि पीडीएफ उतरवून पुन्हा चढवा. गूगल डॉक्स आणि शीट्सची नव्या खात्यातून ‘मेक अ कॉपी’ करा. गूगल टेकआउटने (सगळा डेटा एकदम उतरवायच्या सोयीने) काढलं तर त्या वर्ड-एक्सेल होऊन येतात आणि शीटमधली गूगलची खास सूत्रं मोडतात. दोन्ही वाटांनी जुन्या आवृत्त्यांचा इतिहास मागेच राहतो आणि लिंका बदलतात. साइटवर लावलेल्या प्रिंटवर क्यूआर कोड असेल तर तो जुन्याच फाइलकडे नेईल, आणि गवंडी जुनं माप बघून भिंत उचलेल. म्हणून जुनी फाइल लगेच पुसू नका, तिचं नाव बदलून ‘रद्द’ करा.

जुनं जीमेल खातं तर मुळीच बंद करू नका. पालिकेच्या इमारत परवानगीच्या पोर्टलवर, महारेरावर, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे तोच पत्ता नोंदलेला असू शकतो. आधी तिथे बदला. ओटीपी नव्या पत्त्यावर येतो याची खात्री करा, मग पुढे जा. आणि खासगी गूगल खातं दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, तेव्हा अधूनमधून लॉगिन करत राहा.

---

जमाखर्च

पैशांची बाजू. दर बदलत राहतात, त्या दिवशीचा कंपनीच्या पानावर बघा. इथे फक्त हिशेब समजावा म्हणून माणशी महिना ५०० रुपये धरतो.

२२ जणांचे महिन्याला ११,००० + १८ टक्के जीएसटी १,९८० = १२,९८०. १४ जणांचे ७,००० + १,२६० = ८,२६०.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप जाणारं पेमेंट १५,००० पर्यंत असेल तरच ओटीपीशिवाय जातं. वर गेलं की दर वेळी कुणीतरी ओटीपी टाकायला हवा. २२ जण आणि दर ६०० झाला तर १३,२०० + २,३७६ = १५,५७६. त्या महिन्यापासून पेमेंट अडेल, आणि ओटीपीचा मेसेज ज्यांच्या फोनवर येतो ते साहेब साइटवर असतील तर सेवा थांबायची वेळ येईल. बँक कापायच्या २४ तास आधी सूचना पाठवते, तिच्यावर नजर ठेवा.

बिलिंगच्या पानावर जीएसटी क्रमांक पहिल्याच दिवशी घाला. राहिला तर बिल साध्या ग्राहकासारखं निघतं, २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत) दिसत नाही आणि भरलेल्या कराचं क्रेडिट बुडतं. बिल परदेशी कंपनीचं असेल तर रिव्हर्स चार्ज लागतो: कर तुम्ही रोखीने भरायचा (क्रेडिट लेजरमधून नाही) आणि मग क्रेडिट घ्यायचं. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या सोप्या कर-योजनेत, जिथे क्रेडिट मिळत नाही) असाल तर हे १८ टक्के सरळ खर्च समजा.

मुदतीचं नीट वाचा. गूगलच्या फ्लेक्सिबल प्लॅनमध्ये माणसं केव्हाही वाढवा-कमी करा. वार्षिक करारात वाढवता येतात, कमी करायला नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. मायक्रोसॉफ्टकडे खरेदीनंतर ७ दिवसांतच आकडा कमी करता येतो. तुमच्याकडे इंटर्न येतात-जातात, तेव्हा कायमच्या माणसांपुरता वार्षिक करार करून इंटर्नची महिन्याची लायसन्सं वेगळी घेता येतात का, ते विक्रेत्याला आधीच विचारा.

अजून एक: जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात. सिमेंट-सळीची बिलं चॅटमध्ये पडून राहिली आणि चॅट ९० दिवसांचं असेल, तर हे कसं जमणार? बिल आलं की त्याच दिवशी फोल्डरमध्ये गेलंच पाहिजे.

---

दादर_ड्रॉइंगरूम

सगळ्यांचे आभार. मालक शोधून बघितला. ४० टक्क्यांच्या आसपास फाइल दुसऱ्यांच्याच नावावर निघाल्या, त्यातले तिघं आता इथे नाहीत. आणखी दोन विचारतो. ओपन सोर्स काहीतरी आपल्याच मशिनवर टाकलं तर खर्च वाचेल का? आणि ऑटोकॅडच्या फाइल ड्राइव्हवरून थेट उघडल्या तर चालतं का?

---

रॅक_नंबर_२

त्या तिघांना आज फोन करा, बाकी नंतर. खातं उघडं आहे तोवर फाइल उतरवून घ्या.

चॅटसाठी झुलिप पूर्ण ओपन सोर्स आहे. २२ जणांना २ जीबी रॅमचं मशीन पुरतं, इतिहासाला मर्यादा नाही. त्यांच्या क्लाउडवरच्या फुकट प्लॅनमध्ये १०,००० संदेशांपर्यंतच मागे जाता येतं, स्वतःच्या मशिनवर ती अट नाही. पण मोबाइलवर येणारी सूचना त्यांच्या सेवेमार्फतच येते, आणि ती १० जणांपर्यंतच फुकट आहे. अकरावा माणूस आला की प्लॅन घ्यावा लागतो, नाहीतर साइटवरचे फोन वाजत नाहीत. बसवताना हे कुणी सांगत नाही.

बॅकअप घेण्याची कमांड झुलिपमध्येच आहे. तो परत चढवताना झुलिपची आवृत्ती आणि पोस्टग्रेसची (त्याच्या डेटाबेसची) आवृत्ती बॅकअप घेतला तेव्हाचीच लागते. म्हणून बॅकअपच्या फाइलच्या नावातच दोन्ही आकडे लिहून ठेवा. मशीन तळमजल्यावर जमिनीलगत नको. जुलैत हिंदमाताकडचं पाणी कुठवर येतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यापेक्षा मुंबईतल्याच डेटा सेंटरमधलं भाड्याचं मशीन घ्या, एडब्ल्यूएसचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे. आणि महिन्यातून एकदा अपडेट करणारा ठरलेला माणूस नसेल तर हा मार्ग घेऊच नका. लायसन्सचे पैसे वाचतात, त्या माणसाचे तास वाचत नाहीत.

ऑटोकॅडचं: पैसे भरले तरी हे सुटत नाही. ऑटोकॅड फाइल उघडताना शेजारी कुलपाची छोटी फाइल बनवतं. ऑफिसच्या सर्व्हरवर दुसऱ्याला ती लगेच दिसते. ड्राइव्हमध्ये प्रत्येकाकडे आपापली प्रत असते, कुलूप पोचेपर्यंत दुसऱ्याने फाइल उघडलेली असते. दोघांनी सेव्ह केलं की दोन प्रती तयार, आणि बरोबर कुठली ते कुणालाच सांगता येत नाही. चालू ड्रॉइंग ऑफिसातल्या नॅसवरच (नेटवर्कला जोडलेल्या साठ्याच्या डब्यावरच) राहू द्या. ड्राइव्हवर फक्त इश्यू केलेली पीडीएफ आणि त्या दिवसाची डीडब्ल्यूजी जाऊ द्या. एक्सरेफचे (ड्रॉइंगला जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगांचे) रस्ते ‘रिलेटिव्ह’ ठेवा. ‘फुल पाथ’ असतील तर एकाकडे जी ड्राइव्ह आणि दुसऱ्याकडे एच ड्राइव्ह असताना सगळे संदर्भ तुटतात.

---

फाइल_कुणाची

साइटवरच्या ८ जणांचं राहिलं. त्यांना लायसन्स लागतंच असं नाही. शेअर्ड ड्राइव्हमध्ये प्रत्येक साइटचं ‘इश्यू’ फोल्डर करा आणि त्यांच्या खासगी जीमेलला त्या एकाच फोल्डरवर फक्त बघण्याची परवानगी द्या. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ देत, पण मापातला बदल मात्र मेलवरच. हा एक नियम कडक ठेवा. जो साइट इंजिनिअर क्लायंटला मेल पाठवतो त्याला मात्र लायसन्स द्याच, तो पत्रव्यवहार त्याच्या खासगी खात्यात राहू नये.

म्हणजे १५-१६ लायसन्स धरा.

माणूस सोडून गेला की क्रम चुकवू नका. आधी पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन-आउट करा. मग ड्राइव्हमधल्या फाइल दुसऱ्याच्या नावावर करा, मेल कुणाकडे वळवायचा ते ठरवा, आणि शेवटी खातं काढा. नुसतं सस्पेंड केलेल्या खात्याचेही गूगल पैसे लावतं, म्हणून लोक घाईने डिलीट करतात. डिलीट केलेलं खातं गूगलकडे २० दिवस आणि मायक्रोसॉफ्टकडे ३० दिवस परत आणता येतं, त्यानंतर नाही. बरोबर १५व्या दिवसाची आठवण कॅलेंडरवर लावून ठेवा आणि त्या दिवशी एकदा विचारा, कुणाला काही मिळत नाहीये का.