मदत हवी आहे : मुलीला ऑनलाइन योरुबा शिकवायचंय

आम्ही लंडनला असतो, नवरा नायजेरियन, योरुबा. मुलगी सात वर्षांची. माझ्याशी मराठी बोलते, बाकी सगळं इंग्लिश, आणि योरुबा समजते थोडी पण तोंडातून येत नाही. नवरा इथेच वाढलाय, त्याला बोलता येतं पण लिहिता वाचता नाही, त्यामुळे घरी शिकव हे उत्तर प्लीज नको 😅

ड्युओलिंगोवर स्वाहिली आणि झुलू आहे, योरुबा नाही. बीबीसी योरुबा २०१८ पासून आहे पण त्या बातम्या, लहान मुलं काय ऐकणार. नायजेरियातल्या इबादानच्या आजीशी व्हिडिओ कॉल होतात पण पोरगी अडली की आजीच इंग्लिशवर येते. एक ऑनलाइन ग्रुप क्लास लावला होता, तिथे पाच ते बारा वर्षांची सगळी मुलं एकत्र, आकडे रंग पाठ करून घेतात, वाक्य एकही नाही. आता सोडलाय.

वेळेचा प्रश्न नाही, उन्हाळ्यात लंडन आणि नायजेरियाची वेळ एकच असते, हिवाळ्यात तासाचा फरक. बजेट आठवड्याला एकच वनटूवन तास, किंवा त्याचे दोन तुकडे करता येतील.

ज्यांनी परदेशातल्या मुलांना ऑनलाइन मराठी किंवा कुठलीही घरची भाषा शिकवलीये त्यांना विचारायचंय, या वयात एक तास सलग की अर्धा अर्धा दोनदा? आणि योरुबात उंच, मधला, खालचा असे तीन सूर, त्यावर अर्थ बदलतो, तर सुरांच्या खुणांसकट वाचन पहिल्यापासून घ्यायला सांगू की आधी नुसतं ऐकणं-बोलणं?