कंसाची लांबी: अंशांचं सूत्र पटतं, रेडियनचं समजावता येत नाही. मदत हवी आहे

मुलीला वर्तुळकंस शिकवतोय. त्रिज्या २१ सेमी, केंद्रीय कोन ६०°. ६० हा ३६० चा सहावा भाग, म्हणून कंसही परिघाचा सहावा भाग. पाय (π) २२/७ घेतला की परीघ १३२ सेमी आणि कंस २२ सेमी. हे तिला लगेच पटलं. त्याच कोनाची जीवा (कंसाची दोन टोकं जोडणारा सरळ रेषाखंड) त्रिज्येइतकी, म्हणजे २१ सेमी भरते, कारण दोन त्रिज्या आणि जीवा यांचा त्रिकोण समभुज असतो. कंस जीवेहून जरासाच मोठा आहे हे पाहून तर ती खूश झाली.

पुढे 'लांबी = त्रिज्या × कोन' हे सूत्र आलं आणि तिने सरळ २१ × ६० = १२६० लिहिलं. अख्ख्या परिघापेक्षा मोठा कंस! कोन रेडियनमध्ये हवा, ६०° म्हणजे पाय/३, हे मी सांगितलं. उत्तर पुन्हा २२ आलं. पण "रेडियनमध्येच का?" या तिच्या प्रश्नावर मी अडकलो. त्रिज्येइतका कंस ज्या कोनासमोर येतो तो १ रेडियन, ही व्याख्या तिला पाठ आहे, पण त्या व्याख्येचा सूत्राशी संबंध तिला लागत नाही.

दोरा आणि पुठ्ठ्याची चकती वापरून हे दाखवता येईल का? कुणी शिकवलं असेल तर सुरुवात कुठून केली, ते कृपया सांगा.