मदत हवी आहे: परदेशात इंग्रजीची सहायक शिक्षिका, कागदपत्रांसाठी फक्त २० दिवस

दिग्रसकन्या
नमस्कार. मी दिग्रस तालुक्यातील असून माझे एम.ए. (इंग्रजी) आणि बी.एड. झाले आहे. मला परदेशात इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून काम मिळत आहे आणि पदवीवर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाकडून होणारे साक्षांकन) करून ती पाठवण्यासाठी केवळ २० दिवस उरले आहेत. विद्यापीठात दोनदा फोन केला, दोन्ही वेळा निरनिराळे उत्तर मिळाले. यवतमाळ किंवा नागपूर येथे हे काम लवकर कोठे होते, एवढेच कृपया सांगावे. बाकी सल्ल्यांसाठी सध्या खरोखरच वेळ नाही.

वर्धेकर
ताई, देश कोणता ते आपण लिहिलेले नाही. अपोस्टील हेग करारातील देशांतच चालते. भारत २००५ पासून त्या करारात आहे, परंतु नोकरीचा देश त्यात नसेल तर दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावे लागते आणि सगळी वाटच बदलते. शिवाय आपल्या हाती दीक्षांत समारंभानंतरचे पदवी प्रमाणपत्र आहे की तात्पुरते?

निवृत्त_मुख्याध्यापक
मुली, मी तर म्हणेन की जपानचा विचार कर. तेथे १९८७ पासून जेट नावाचा सरकारी कार्यक्रम चालू आहे, सहायक भाषा शिक्षक शाळांमध्ये नेमले जातात, अर्ज दूतावासामार्फत जातो आणि मध्ये कोणी दलाल नसतो.

वर्धेकर
सर, आपला अनुभव मोठा आहे, पण त्यांना २० दिवसांत कागद हवे आहेत. नव्या कार्यक्रमाची माहिती देऊन त्यांची अडचण सुटणार नाही.

संत्राबाग_वरुड
पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी आवश्यक असल्याचा, शिक्का आहे का ते आधी पाहा. दहावी उत्तीर्ण असल्याचा पुरावा जोडला की तो लागत नाही. माझ्या भावाने आखातात जाताना हा पुरावा जोडला नव्हता आणि त्याचे दोन महिने वाया गेले.

दिग्रसकन्या
देश दक्षिण कोरिया आहे. पदवी तात्पुरतीच आहे, मूळ प्रमाणपत्र अमरावतीहून यायचे आहे. शिक्क्याबद्दल मी विचारले नव्हते. एजंटचे म्हणणे असे की आधी भेटीच्या व्हिसावर यावे, शिक्षकाचा व्हिसा तेथे पोहोचल्यावर होईल. त्याला दीड लाख द्यायचे आहेत आणि बाबांनी सोयाबीनचे पैसे त्यासाठीच बाजूला ठेवले आहेत.

वर्धेकर
हे पहिल्याच वेळी लिहायला हवे होते. ताई, कृपया पैसे देऊ नका. कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा ई-२ असतो, तो नोकरी देणाऱ्याशी झालेल्या करारावर मिळतो आणि भेटीच्या व्हिसावर काम करणे बेकायदेशीर आहे. त्यात ई-२ सहसा सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका.

गोंडवाना_प्राध्यापक
ही माहिती अपुरी आहे आणि अपुऱ्या माहितीवर कोणाच्या आशेवर पाणी पाडू नये. भारत-कोरिया सेपा करार, म्हणजे दोन देशांमधील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार, १ जानेवारी २०१० पासून लागू आहे आणि त्यात भारतीय सहायक इंग्रजी शिक्षकांसाठी तरतूद आहे. त्यासाठी पदवीबरोबर इंग्रजी विषयाच्या अध्यापनाची पात्रता लागते, म्हणजे ताईंचे बी.एड. येथे कामी येईल. मात्र ही तरतूद प्राथमिक व माध्यमिक शाळांपुरती आहे, खासगी शिकवणी वर्गांसाठी नाही. ताई, आपल्या करारावर शाळेचे नाव आहे की वर्गाचे?

वर्धेकर
सेपाची माहिती मला नव्हती, ती मान्य करतो. पण भेटीच्या व्हिसावर बोलावणारा माणूस सेपाच्या मार्गाने नेत नाही, हे तरी आपल्याला पटावे. परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते, तो नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळता येतो आणि सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी इतकी आहे. दीड लाख कोणत्या हिशेबाने?

अमरावती_लिपिक
मूळ प्रश्नाचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही, म्हणून लिहितो. शैक्षणिक कागदांची पडताळणी आधी राज्य शासनाकडे, म्हणजे मुंबईला होते, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील लागते आणि तेथे कागद अधिकृत एजन्सीमार्फतच घेतले जातात. मंत्रालयाचे शुल्क प्रत्येक कागदाला ५० रुपये आहे, एजन्सीचे वेगळे. पोलीस पडताळणी प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयाकडूनच मिळते, त्यामुळे त्याला राज्याची पायरी लागत नाही. ताईंनी आणखी एक गोष्ट तपासावी. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पासपोर्टवर शेवटी, आणि वडिलांचे नाव एका ठिकाणी असते व दुसऱ्या ठिकाणी नसते. या एका फरकावरून परत आलेले अर्ज मी माझ्या टेबलावर पाहिले आहेत.

निवृत्त_मुख्याध्यापक
नावाचा मुद्दा अगदी खरा आहे. आमच्या शाळेतील दाखल्यांवरही तीच गत होती. जपानच्या अर्जालाही हे लागू पडेल.

दिग्रसकन्या
सर्वांचे आभार. करार आत्ता पुन्हा वाचला, त्यावर शाळेचे नाव नसून एका शिकवणी संस्थेचे आहे. एजंटकडे नोंदणी क्रमांक मागितला तेव्हा त्याने, 'पैसे उद्यापर्यंत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल,' एवढेच सांगितले. बाबांना पैसे देऊ नका म्हणून सांगितले आहे. कागदांचे काम मात्र थांबवणार नाही, कारण पुढे खरोखर शाळेची जागा निघाली तर ते तयार असावेत. सोमवारी मूळ पदवीसाठी अमरावतीला जात आहे. लिपिकदादा, पासपोर्टवर वडिलांचे नाव नसेल तर दुरुस्ती पासपोर्टमध्ये करावी की विद्यापीठाकडे अर्ज द्यावा?