मदत हवी आहे : मॉडेलिंगच्या टेबलावर रंग आणि हत्यारं कशी लावावीत?

नमस्कार. मी प्लास्टिक किटची विमानं बनवते, बहुतेक १:७२ ची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी. अधूनमधून १:३५ चा एखादा रणगाडाही होतो. सहा वर्षांत सामान वाढत गेलं, टेबल मात्र तेच आहे : १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद, भिंतीला लावलेलं. त्यावर ए३ आकाराची कटिंग मॅट अंथरलेली आहे, पण ती अख्खी मोकळी मी गेल्या वर्षभरात पाहिलेली नाही. एका कोपऱ्यात वहीएवढी जागा करून काम चालतं, बाकी सगळीकडे बाटल्या.

हा धागा काढायचं कारण परवा घडलं. एअरब्रशच्या (रंग फवारायच्या पेनच्या) कपात पाण्यावरचा ॲक्रिलिक रंग घेतला आणि पातळ करायला शेजारची बाटली उचलली. ती लॅकर थिनरची होती. माझ्या दुसऱ्या ॲक्रिलिक रंगांना तेच थिनर चालतं, त्यामुळे हात सवयीने तिकडे गेला. दोन्ही थिनर मी एकसारख्या पारदर्शक बाटल्यांत भरून शेजारी-शेजारी ठेवली होती. कपात रबरासारखा गोळा झाला आणि थेट नोझलपर्यंत जाऊन बसला. नोझल ०.३ मिमीचं. पूर्ण उघडून साफ करण्यात ती संध्याकाळ गेली. त्याच आठवड्यात पातळ सिमेंटची (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाची) बाटली कोपर लागून आडवी झाली आणि तयार पंखाच्या टोकाकडच्या पॅनल लाइन (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषा) विरघळल्या. दोन्ही वेळा कारण एकच, वस्तू नको तिथे होत्या.

आवरायचा प्रयत्न केलेला नाही असं नाही. आधी सगळे रंग छटेप्रमाणे लावले. दिसायला फार सुरेख दिसलं, पण वेगवेगळ्या जातीचे रंग एकमेकांत मिसळले. मग कंपनीप्रमाणे, आकड्यांच्या क्रमाने लावले. त्याने एक फायदा झाला : एकच गडद राखाडी दोनदा विकत घ्यायचं थांबलं. पण एका विमानाचे रंग गोळा करायला तीन फळ्या धुंडाळाव्या लागतात, आणि काम संपल्यावर कुणीच आपल्या जागी परत जात नाही. हत्यारांसाठी खण आहे. तो उघडला की कानशी, चिमटे, निपर सगळं एका ढिगात.

रंग साधारण १४० आहेत. त्यातले साठेक १७-१८ मिलीच्या थेंबबाटल्या, पंचेचाळीस १० मिलीच्या काचेच्या बाटल्या, उरलेले १४ मिलीचे इनॅमलचे डबे आणि वॉश (खाचांत उतरवायचा पातळ रंग) आणि वार्निशच्या किरकोळ बाटल्या. मला तीन गोष्टी कळत नाहीत. रंग कशाच्या क्रमाने लावावेत? थेंबबाटल्या उभ्या ठेवाव्यात की उलट्या? आणि टेबलावर नेमकं काय ठेवायचं, काय उचलायचं? दुसरी खोली किंवा मोठं टेबल शक्य नाही, तेव्हा आहे त्यातच बसवायचं आहे. तुम्ही कसं लावलंय ते सविस्तर सांगितलंत तर फार मदत होईल.

प्रतिसाद १

एअरब्रश वाचला हे बरं झालं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या अपघातातच आहे. रंगांचा पहिला भेद छटेचा नाही आणि कंपनीचाही नाही, तो पातळ कशात होतो याचा आहे. टॅमिया कंपनीच्या एक्स आणि एक्सएफ मालिकेला आपण ॲक्रिलिक म्हणतो, पण त्यात अल्कोहोल वर्गाचे द्रावक असतात. वायेहो कंपनीचे मॉडेल कलर पाण्यावरचे. दोन्ही ॲक्रिलिक, दोन्ही ओले असताना पाण्याने पुसता येतात, पण वायेहोच्या रंगात अल्कोहोल किंवा लॅकर थिनर गेलं की रंग गोठतो. तेव्हा चार घरं करा : पाण्यावरचे ॲक्रिलिक, अल्कोहोलवाले ॲक्रिलिक, लॅकर, इनॅमल. प्रत्येक घरात त्याचं थिनर, त्याचा ड्रॉपर आणि त्याचंच ढवळायचं साधन. थिनरसाठी वेगळी फळी करूच नका, घोळ तिथेच होतो.

झाकणांना रंगीत चिकटपट्टी लावा. निळी पट्टी पाण्याच्या घराला, लाल लॅकरला, असं काहीही, पण तीच पट्टी ड्रॉपरच्या फुग्यावरही हवी. आणि शक्यतो थिनर मूळ बाटलीतच राहू द्या. दुसऱ्या बाटलीत काढलंच तर बाटलीचा आकारच वेगळा घ्या, म्हणजे न बघता हाताला कळेल.

लॅकर आणि इनॅमलची थिनरं पेट घेतात. मोठी बाटली बंद कपाटात सगळ्यात खाली, उष्णतेपासून आणि थेट उन्हापासून लांब. टेबलावर एका बैठकीला लागेल तेवढंच, छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत.

धागाकर्ती

हे पटलं. पट्ट्या आजच लावते. पण मग एका विमानाचे रंग चार घरांत विखुरतील, त्याचं काय? माझ्या आताच्या विमानाला तळाशी लॅकर प्रायमर (रंग धरण्यासाठीचा पहिला थर), वर ॲक्रिलिक, वॉश इनॅमलचा.

प्रतिसाद २

त्यासाठी चालू कामाचा ट्रे. मी बरीच वर्षं हेच करतो. रंगांचं कायमचं घर भिंतीवरच्या मांडणीत, आणि ज्या मॉडेलवर काम चालू आहे त्याचे आठ-दहा रंग एका उथळ ट्रेमध्ये टेबलावर. किट उघडलं की आधी सूचनापत्रक वाचून ट्रे भरायचा, मॉडेल संपलं की ट्रे रिकामा करायचा. मधल्या काळात मांडणीकडे जायचंच नाही. ट्रे मुद्दाम लहान घ्या. दहाच बाटल्या मावत असतील तर अकरावी घेताना एक परत ठेवावीच लागते. तुमचे रंग परत जात नाहीत, कारण रोज परत ठेवणं कंटाळवाणं आहे. ट्रेने ते काम मॉडेलमागे एकदा करावं लागतं.

एकेका घरातला क्रम मात्र नीट ठरवा. विमानं करता म्हणून सांगतो, एफएस आकडे फार कामाचे आहेत. एफएस म्हणजे अमेरिकेचं रंगांचं फेडरल स्टँडर्ड ५९५, हे १९५६ चं. २०१७ मध्ये ते अधिकृतपणे मागे पडलं आणि एएमएस-एसटीडी-५९५ आलं, पण मॉडेलवाले अजून एफएसच म्हणतात. आकडा पाच अंकी असतो. पहिला अंक चमक सांगतो : १ चकचकीत, २ अर्धचकचकीत, ३ मॅट. दुसरा अंक रंगाचं कुळ : ० तपकिरी, १ लाल, २ नारिंगी, ३ पिवळा, ४ हिरवा, ५ निळा, ६ राखाडी. पुढचे तीन अंक साधारण गडदाकडून फिकटाकडे वाढत जातात. एफ-१६ चे नेहमीचे तीन राखाडी घ्या : ३६११८ गडद, ३६२७० मधला, ३६३७५ फिकट. सगळे मॅट, सगळे राखाडी, आणि आकड्यांच्या क्रमाने लावले की छटेचाही क्रम आपोआप लागतो. झाकणावर हा आकडा लिहून ठेवलात तर तुम्हाला हवा होता तो सुरेख क्रमही मिळेल आणि बाटली शोधायलाही लागणार नाही. जर्मन विमानांना हाच उपाय आरएलएम (जुन्या जर्मन हवाई मंत्रालयाच्या) आकड्यांचा, पण तिथे आकड्यावरून छटा कळत नाही, ०२ आणि ६५ पाठ असावे लागतात.

झाकणाच्या रंगावर कधीही विसंबू नका. प्रत्येक रंगाचा वाळलेला नमुना पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर काढा, खाली प्रायमर, मागे आकडा. १४० नमुन्यांना दोन-तीन संध्याकाळी लागतील. त्या वाया जात नाहीत. आणि नमुने पाहायचा दिवा ५००० ते ६५०० केल्विनचा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा असू द्या. पिवळट दिव्याखाली राखाडी निवडला की सकाळी पस्तावतो.

प्रतिसाद ३

उभ्या की उलट्या, यावर एक अनुभव. मी वर्षभर थेंबबाटल्या उलट्या ठेवल्या होत्या. रंगद्रव्य तोंडाशी साठतं, दाबलं की लगेच येतं, पण सुरुवातीचे थेंब जास्तच घट्ट येतात आणि तोंड तुंबतं. झाकण किंचित सैल राहिलेली एक बाटली गळली आणि खालच्या तीन बाटल्यांची लेबलं गेली. आता सगळ्या उभ्या. प्रत्येकीत स्टेनलेस स्टीलचे दोन छोटे गोळे टाकलेत. स्टेनलेसच घ्या, साधं स्टील पाण्यावरच्या रंगात गंजतं आणि पांढरा रंग पिवळा पडतो. काढल्यावर अर्धा मिनिट हलवलं की काम झालं. काचेच्या बाटल्या आणि डबे तर उभेच. त्यांच्या काठावरचा रंग प्रत्येक वेळी पुसा, नाहीतर झाकण नीट बसत नाही आणि हवा जाऊन रंग आत वाळतो.

मांडणी पायऱ्यांची करा. मागची ओळ पुढच्यापेक्षा चारेक सेंमी उंच असली की लेबल दिसतं. खोल फळीवर एकामागे एक बाटल्या ठेवल्या की मागची बाटली विसरली जाते आणि तोच रंग पुन्हा आणला जातो.

प्रतिसाद ४

हत्यारांचं मी सांगते. आधी काही लावू नका. सगळी हत्यारं एका खोक्यात भरा आणि टेबल पूर्ण रिकामं करा. मग नेहमीसारखं काम करा. लागेल ते खोक्यातून काढा, पण परत खोक्यात टाकू नका. चार बैठकींनंतर टेबलावर जे जमलं असेल तीच तुमची रोजची हत्यारं. त्यांना टेबलावर जागा द्यायची, बाकी सगळं खणात. माझ्याकडे पन्नासच्या वर होती, बाहेर आली सतरा.

रोजची हत्यारं कामाच्या टप्प्याप्रमाणे गटात ठेवा. कापायची एकत्र : निपर, सुरी, करवत. घासायची एकत्र. चिकटवायची एकत्र, म्हणजे सिमेंट, सुपरग्लू, बारीक ब्रश, चिमटे. उजव्या हाताने काम करत असाल तर कापायची उजवीकडे, सिमेंट डावीकडे मागे, कोपराच्या वाटेत नाही. सिमेंटच्या बाटलीला जड लाकडी ठोकळ्यात खोलगट खाच करून बसवा, मग ती धक्क्याने आडवी होत नाही. सुपरग्लू पारदर्शक भागांच्या डब्याजवळ ठेवू नका, त्याच्या वाफेने कॉकपिटच्या काचेवर पांढरी साय येते.

खणात ढीग होतो कारण तळ गुळगुळीत असतो. तळाला जाड फोम घाला, प्रत्येक हत्यार त्यावर ठेवून कडेने रेघ मारा आणि तेवढा आकार कापून काढा. रिकामा खड्डा दिसला की कळतं काय बाहेर राहिलंय. कानशी एकमेकींवर घासल्या की बोथट होतात, त्यांना वेगळे खाचे हवेतच. चिमट्यांच्या टोकांवर नळीचा तुकडा घाला. चुंबकाची पट्टी चिमट्यांसाठी नको, चिमट्यालाच चुंबकत्व येतं आणि स्टीलचा बारीक भाग टोकावरून सुटता सुटत नाही.

पॉलिश पेपरचे तुकडे ४००, ६००, १०००, २००० असे कप्प्यांच्या फोल्डरमध्ये, आणि कापायच्या आधीच मागे जागोजागी आकडा लिहा. सुरीची वापरलेली ११ नंबरची पाती झाकणाला चीर पाडलेल्या डब्यात, कचऱ्यात सुटी कधीच नाही. ओले ब्रश उभे वाळवू नका. पाणी दांड्याकडे उतरतं, केस धरणाऱ्या पत्र्यातला गोंद सुटतो. आडवे वाळवा, मग टोक वर करून ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

खोक्याचा प्रयोग केला. चार बैठकींत चौदाच हत्यारं बाहेर आली. त्यात माझी सगळ्यात आवडती छोटी करवत नव्हती, ती खणात गेली. थोडं वाईट वाटलं, पण खरंच लागली नाही. चार घरं केली, पट्ट्या लावल्या, मोठी थिनरं कपाटात खाली ठेवली. ट्रेमध्ये आता नऊ बाटल्या आहेत आणि मॅट अख्खी दिसतेय. काल पंखाचं टोक नव्याने खरवडायला घेतलं तर बारीक खरवडणी पहिल्या फटक्यात हाताला लागली. नमुन्यांच्या पट्ट्या चाळीसपर्यंत झाल्यात, त्यात दोन राखाडी अगदी सारखे निघाले, आकडे मात्र वेगळे.

अर्धवट मॉडेलसाठी मांडणीची वरची फळी मोकळी ठेवलीय, धूळ बसू नये म्हणून वर पारदर्शक डबा पालथा घालते.

आता पायऱ्यांची मांडणी घरीच करायची आहे. बाटल्यांचे व्यास कॅलिपरने मोजले, भोक २ मिमी मोठं धरलंय. प्लायवूड १२ मिमीचं पुरेल की १८ चं घेऊ?

प्रतिसाद ३

१२ पुरतं. फळी ६० सेंमीपेक्षा लांब असेल तर मध्ये एक आधार द्या, काचेच्या बाटल्यांचं वजन वाटतं त्यापेक्षा जास्त असतं. भोकं पाडताना खाली टाकाऊ फळी घट्ट धरा, नाहीतर मागचा पापुद्रा फाटतो.

धागाकर्ती

मग १२ चंच घेते, आणि आधार देते. झाल्यावर इथेच मापं लिहीन.