रीडिंगचं मृत्युपत्र आणि रामबागेतलं घर

माहेर_रामबाग
नमस्कार मंडळी. माहेर इंदूरचं, रामबागेत वाढले. लग्नानंतर इंग्लंडला आले, आता रीडिंगला आहोत. दोघांकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते). प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

रामबागेतलं दुमजली घर बाबांनी स्वतःच्या पगारातून बांधलं. ते गेले तेव्हा वसीयत (मृत्युपत्र) वगैरे काही नव्हती. आता तिथे आई (वय ८१), धाकटा भाऊ, वहिनी आणि भाची राहतात. नगर निगमच्या खात्यावर अजून बाबांचंच नाव आहे. माझा जो काही हिस्सा असेल तो मला भाचीला द्यायचा आहे. माझ्या मुलांना रामबाग म्हणजे सुट्टीतले पोहे-जिलबी. संपत्ती कर कुठे भरायचा, गच्ची गळली तर कोणाला बोलवायचं, यातलं त्यांना काही ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही.

इथल्या सॉलिसिटरने आम्हा दोघांच्या मृत्युपत्रांचा मसुदा दिला आहे, सह्या व्हायच्या आहेत. सगळं एकमेकांना, दोघंही नसलो तर मुलांना. ती म्हणते, "जगभरातली मालमत्ता" असं लिहिलंय, त्यात इंदूर आलंच. मग इंदूरसाठी वेगळा कागद लागतो का?

दुसरं, भावाला मुखत्यारपत्र पाठवायचं आहे. नामांतरण (निगमच्या खात्यावर बाबांऐवजी वारसांची नावं लावणं), वरचा मजला भाड्याने देणं, असली कामं. आईचा विसरभोळेपणा वाढून राहिलाय, म्हणून भाऊ म्हणतो की तिच्याकडूनही एक मुखत्यारपत्र घेऊन ठेवू, पुढे अडचण नको.

शारजाकर_भिया
ताई, भावावर भरोसा आहे ना? मग जनरल पॉवर, म्हणजे सगळ्या कामांचं मुखत्यारपत्र, देऊन टाका, विकायच्या अधिकारासकट. वसीयतीची भानगडच नको. आमच्या कॉलनीत सगळे हेच करतात.

वकीलकाका_स्नेहलतागंज
भिया, तुमच्या कॉलनीचा पत्ता द्या, आमच्या बार रूममधून सगळे हार घेऊन येतील. आमची निम्मी चूल अशाच कागदांवर पेटते.

ताई, आधी तुमचा हिस्सा ठरवू. बाबांची स्वकमाई, वसीयत नाही, म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांना सारखा तिसरा हिस्सा. बाबांच्या मागे त्यांची आई हयात असती तर चौथा वाटा पडला असता. तुम्ही उल्लेख केला नाही, म्हणून नव्हत्या असं धरतो. तुमचा पासपोर्ट कुठला, याने यात फरक पडत नाही.

आता हा तिसरा हिस्सा तुमच्या पश्चात कुठे जाईल? काहीच लिहून ठेवलं नाही तर नवरा आणि मुलांकडे. सॉलिसिटरच्या मसुद्यावर आहे तशी सही केलीत तरी तिकडेच. भाचीचं नाव कुठेच येत नाही. तेव्हा वेगळा कागद हवा, आणि माझ्या मते तो इंदूरलाच केलेला बरा.

दोन मृत्युपत्रं करायची. इंग्लंडचं फक्त भारताबाहेरच्या मालमत्तेपुरतं, इंदूरचं फक्त भारतातल्या. पण सगळा घात एका ओळीत होतो. इंग्रजी मसुद्याच्या सुरुवातीलाच बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की, यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं मी रद्द करते. समजा दिवाळीत इंदूरला येऊन तुम्ही भाचीच्या नावे केलंत आणि परत जाऊन रीडिंगच्या कागदावर सही केलीत. झालं, इंदूरचं मेलं, आणि तुमच्या हयातीत ते कोणाला कळणारही नाही. आमच्याकडचे टंकलेखकही जुन्या नमुन्यातून तीच ओळ उतरवतात, म्हणजे उलटा क्रम असला तर रीडिंगचं मरतं. म्हणून दोन्हीकडे स्पष्ट लिहून घ्या की दुसऱ्या देशातल्या मालमत्तेसाठी केलेलं मृत्युपत्र यामुळे रद्द होत नाही. सॉलिसिटरला हे ठाऊक असतंच, पण दुसरा कागद होणार आहे हे तुम्ही सांगाल तेव्हा ना!

इंदूरला का, तर साक्षीदारांसाठी. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, रजिस्ट्रीची सक्ती नाही, साध्या कागदावर चालतं. लागतात ते दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलं आणि तुमच्यासमोर आपली सही केली. रीडिंगचे शेजारी साक्षीदार म्हणून चालतील. पण उद्या कोणी हरकत घेतली तर हयात असलेल्या साक्षीदारांपैकी निदान एकाला साक्ष द्यायला आणावं लागतं. रीडिंगचे म्हातारे शेजारी इंदूरच्या कोर्टात कोण आणणार? इथले घ्या, तुमच्याहून वयाने लहान, आणि भाची, भाऊ, वहिनी यांपैकी कोणी नको. मग मोती तबेल्याच्या रजिस्ट्री ऑफिसात जाऊन रजिस्ट्रीही करून टाका. सक्ती नसली तरी "ही सही आत्याची नाहीच" म्हणणाऱ्याचं तोंड बरंच बंद होतं. मृत्युपत्राप्रमाणे पुढची कामं करणारा व्यवस्थापक म्हणून भारतात राहणारं कोणी नेमा. इंदूरच्या घरासाठी प्रोबेटची, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेण्याची, सक्ती नाही.

मुखत्यारपत्र. जनरल नको, खास द्या. नामांतरण, संपत्ती कर, वीजबिल, भाडेकरार, भाडेकरूविरुद्ध दावा, एवढी कामं एकेक करून लिहा. विकण्याचा, गहाण टाकण्याचा, दान देण्याचा अधिकार नाही, हेही लिहा. हा भावावरचा अविश्वास नाही. उद्या त्याच्यावर कोणी दबाव आणला तर त्यालाच हा कागद दाखवता येतो. विक्रीचं म्हणाल तर २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीने मालकी बदलत नाही, त्यासाठी रजिस्टर्ड खरेदीखतच लागतं. आणि शारजाकर, देणारा गेला की मुखत्यारपत्रही त्याच क्षणी गेलं. वसीयतीचं काम त्याने कसं होणार?

इंग्लंडहून पाठवायचे दोन रस्ते. भारतीय हाय कमिशन किंवा वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित करून घ्या, नाहीतर तिथल्या नोटरी पब्लिकसमोर सही करून त्यावर मिल्टन कीन्सच्या लीगलायझेशन ऑफिसचं अपोस्टिल घ्या, म्हणजे कागद दुसऱ्या देशात मानला जावा म्हणून सरकार देतं तो दाखला. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प भरून घ्यायचा असतो. कुरियरचं पाकीट भावाला जपून ठेवायला सांगा, तारखेचा पुरावा तोच. बँकेच्या एनआरओ खात्यासाठी (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं) हा कागद चालवून घेतीलच असं धरू नका, बहुतेक बँकांचा आपला नमुना असतो.

माहेर_रामबाग
काका, फार उपकार झाले. ती ओळ मसुद्यात आहे, दुसऱ्याच परिच्छेदात. आजच सॉलिसिटरला मेल टाकते. आईचं काय करायचं?

लेस्टरची_वीणा
आईंचं काका सांगतीलच. मी तुझ्या इंग्लंडच्या बाजूचं सांगते, कारण तिकडे तू मृत्युपत्रावर थांबली आहेस. आम्ही नवरा-बायकोने लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी केली. एक पैशांच्या कारभाराची, एक आजारपण आणि देखभालीची. आपलं डोकं ठिकाणावर असतानाच करावी लागते आणि ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियनकडे नोंदवावी लागते. पुढे स्मृती गेली तरी ती चालते, तिचा उपयोगच तेव्हा. आपल्याला सगळं समजतंय हे लिहून देणारा एक तिसरा माणूस लागतो. आमच्यासाठी शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने दिलं. मात्र हा कागद इंग्लंड-वेल्सचा. इंदूरच्या बँकेत दाखवून काही उपयोग नाही.

आणि कर! एप्रिल २०२५ पासून इथला वारसा कर राहण्यावरून ठरतो. मागच्या २० करवर्षांपैकी १० वर्षं इथे राहिलेली असशील तर रामबागही हिशेबात धरतात. साधारण ३,२५,००० पौंडांपर्यंत कर नाही, त्यावर ४० टक्के. इथेच राहणाऱ्या नवऱ्याला दिलेलं सुटतं, भाचीला दिलेलं सुटत नाही. भारतात तो कर १९८५ मध्येच बंद झाला, पण त्या कराबद्दलचा १९५६ चा भारत-ब्रिटन करार अजून आहे. सॉलिसिटरला त्याच्याबद्दल नाव घेऊन विचार, आपण होऊन ते काढत नाहीत.

वकीलकाका_स्नेहलतागंज
वीणाताईंनी जी सोय सांगितली ती आपल्याकडे नाही, आणि आईंची गोष्ट तिथेच अडते. भारतात देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे भाऊ ज्या दिवसाच्या काळजीने ते करून राहिलेत, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होईल. तरीही चालवलं तर पुढे प्रत्येक सहीवर बोट ठेवता येतं. मग हायकोर्टात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. इंदूरला खंडपीठ आहे, पण घरच्यांना तो त्रास कशाला.

आईंना आज समजतं आहे तोवर दोन कामं करा. बँकेचं खातं भावाबरोबर संयुक्त, "कोणीही एक किंवा हयात" या पद्धतीचं. आणि त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याची वसीयत, त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडून. त्यांना काय हवंय हे त्यांना एकटीला विचारा. खोलीत भाऊ नको, वहिनी नको आणि तुम्हीही नको. नॉमिनीचं नाव घातलंय म्हणून निश्चिंत राहू नका, नॉमिनी हा मालक नसतो.

माहेर_रामबाग
मग मी माझा हिस्सा आत्ताच सोडून दिला तर? कागदच एक कमी.

वकीलकाका_स्नेहलतागंज
हक्कत्याग सहहिस्सेदाराच्या नावे होतो, म्हणजे आई किंवा भाऊ. भाचीला द्यायचं तर दानपत्र. दोन्हीची रजिस्ट्री करावी लागते, स्टॅम्प लागतो आणि एकदा दिलं की परत घेता येत नाही. आई त्या घरात आहेत तोवर तुमचं नाव त्या घरावर राहू द्या, असं माझं मत. भाऊ चांगलेच असतील. पण उद्या ते बिल्डरशी बोलायला बसले, तर "ताईची सही लागते" हे वाक्य आईंच्या बाजूने असतं.

देवासवाला
मधेच विचारतो. आमची देवासजवळ शेती आहे, मुलगी कॅनडात ओसीआय. तिला मिळेल का?

वकीलकाका_स्नेहलतागंज
वारशाने मिळेल. विकत घेता येणार नाही. विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच. बाकी तपशिलासाठी नवा धागा काढा, इथे ताईंचं काम चाललंय.

ताई, येताना बाबांचा मृत्यू दाखला, घराच्या मूळ रजिस्ट्रीची नक्कल, निगमची शेवटची पावती आणि ओसीआय कार्ड आणा. नामांतरण आधी, वसीयत त्याच फेरीत नंतर. आणि तोवर सॉलिसिटरच्या कागदावर सही नको.