तांड्या-पाड्यांवरच्या पोरांना ‘पत्रकार व्हा’ म्हणावं का?

कागदवाचक (धागाकर्ता)

म्हणावं, आणि जोर लावून म्हणावं. १९९६ मध्ये पत्रकार बी. एन. उनियाल यांनी केंद्र सरकारची अधिस्वीकृती (अधिकृत मान्यता) असलेल्या ६८६ पत्रकारांच्या यादीत दलित पत्रकार शोधला. एकही सापडला नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीने माध्यमांतली १२१ वरिष्ठ पदं तपासली. त्यातल्या १०६ पदांवर सवर्ण होते, अनुसूचित जाती-जमातींचं कुणीच नव्हतं. याचे परिणाम रोजच्या अंकात दिसतात. वस्तीत मारहाण झाली की वार्ताहर पोचतो, वस्तीचा निधी दुसरीकडे वळवला जातो तेव्हा तिथे कुणी नसतं.

सुरुवात मात्र पदविकेपासून नको, कागदापासून करावी. दलित वस्ती सुधार योजनेतला काँक्रीटचा रस्ता घ्या. प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) आणि देयक (बिल), एवढे कागद त्या कामाचे असतातच. त्यांच्या प्रती माहिती अधिकारात मागायच्या. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही माफ (दाखल्याची प्रत जोडायची). महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, मजकूर साधारण १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस.

नवखी मुलं इथेच चुकतात. ‘रस्त्याची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की मोघम उत्तर येतं. ‘काम निकृष्ट का केलं?’ असं विचारलं तर उत्तरच येत नाही, कारण कायदा कार्यालयात असलेली नोंद मिळवून देतो, खुलासा नाही. कामाचं नाव, आर्थिक वर्ष आणि कागदाचं नाव, एवढंच लिहावं.

प्रती हातात आल्या की टेप घेऊन रस्त्यावर जायचं. लांबी, रुंदी, आणि कडेला थर उघडा दिसतो तिथे जाडी. पुस्तिकेत १५० मिलिमीटर आणि जागेवर १०० भरले, तर बातमी तुमच्या पायाखाली आहे. पण एकाच जागी मोजून थांबू नये. पाच-सहा ठिकाणी मोजावं, प्रत्येक मापाचा टेपसकट फोटो ठेवावा. नाहीतर अभियंता ‘तेवढाच तुकडा खचलाय’ म्हणून हात झटकतो. त्या वस्तीतला पोरगा हे कुठल्याही शहरी वार्ताहरापेक्षा चांगलं करेल. रस्ता कधी टाकला, किती दिवस पाणी मारलं, हे त्याच्या घरासमोर घडलेलं असतं.

हिशेबनीस

ठाम विरोध. तुम्ही काम शिकवलंत, पण पोट कसं भरायचं त्यावर अक्षर नाही.

तालुका वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो. किरकोळ मानधन असतं, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापन दिनाच्या पुरवणीला टार्गेट मिळतं, आणि तालुक्यात जाहिरात देणारे कोण? सरपंच, पतसंस्था, बाजार समितीचे संचालक आणि ठेकेदार. म्हणजे ज्याच्या रस्त्याची जाडी मोजायची, त्याच्याच दारात शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं. जाहिरात उधारीवर गेली तर वसुलीसाठी चकरा वार्ताहरानेच मारायच्या. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उचलून धरल्या. पण त्यांवर दावा सांगायला नेमणूकपत्र लागतं, आणि या माणसाकडे असतं फक्त ओळखपत्र.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला पहिला पदवीधर दोन वर्षं बिनपगारी काढू शकत नाही. ‘मूकनायक’चं उदाहरण भाषणांत देतात ना? ३१ जानेवारी १९२० ला तो निघाला. मागे बाबासाहेब होते, शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती, तरी १९२३ मध्ये बंद पडला. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ ला निघालं आणि १९२९ मध्ये थांबलं. लेखणीत कमी नव्हतीच, पैसा कमी पडला. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस भरती, हे मार्ग कठीण असले तरी पगार महिन्याला येतो. पोराला त्या वाटेवरून ओढून इकडे आणायचं, तर आणणाऱ्याने जबाबदारी घ्यावी.

लाल शेरा

हिशेबनीस यांनी सांगितलेल्या जाहिरातीच्या घोळात आणखी मोठा धोका आहे, तो कायद्याचा.

बातमीसाठी ठेकेदाराला फोन करायचा आणि त्याच आठवड्यात जाहिरातही मागायची, की खंडणीच्या तक्रारीला आयता पुरावा तयार. त्याच्याकडे फोनचं रेकॉर्डिंग असतं, तुमच्याकडे काही नसतं. ज्याच्यावर बातमी चालू आहे त्याच्याकडे जाहिरात मागायचीच नाही, हा नियम पहिल्या दिवशी शिकवायला हवा. दुसरा नियम, बाजू लेखी मागायची. ई-मेल किंवा व्हॉट्सअॅपवर नेमके तीन-चार प्रश्न, उत्तरासाठी दिवस आणि वेळ. उत्तर आलं नाही तर बातमीत तसं लिहायचं.

बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. मजकूर खरा असणं पुरेसं नाही, तो लोकहितासाठी होता हेही दाखवावं लागतं. म्हणून ‘भ्रष्ट अभियंता’ असं लिहू नये. ‘पुस्तिकेत १५०, जागेवर १००’ असं लिहावं. महाराष्ट्राचा २०१७ चा माध्यमकर्मी संरक्षण कायदा आहे, हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. पण त्याच्या व्याख्येत नियमित किंवा कंत्राटी नोकरीवरचा पत्रकार येतो. नेमणुकीचा कागद नसलेला वार्ताहर किंवा स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालवणारा मुलगा तिथे अडतो. वस्तीतल्या मुलाचं घर त्याच गावात असतं. बातमी छापून आली की पहिला दबाव बापाच्या मजुरीवर येतो. मी विरोधात नाही, पण हे लपवून कुणाला बोलावू नका.

पाडा ते डेस्क

हिशेबनीस, तुमच्या युक्तिवादाचा शेवट असा होतो की हे क्षेत्र ज्यांना परवडतं त्यांच्यासाठीच राहावं. ते मान्य नाही.

‘खबर लहरिया’ बघा. २००२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये सुरू झालं, बातमीदार ग्रामीण बायका, बहुतेक दलित, भाषा बुंदेली. सायकलने, पायी गावोगाव फिरून अंक वाटले, पुढे मोबाइलवर व्हिडिओ बातम्या सुरू केल्या. तिथे जमतं, ते नंदुरबारला पावरीत (तिथल्या आदिवासींची बोली) किंवा यवतमाळच्या तांड्यांवर गोरमाटीत (बंजारा बोली) का जमू नये?

भाषेवर तर इथे कुणी बोललंच नाही. डेस्कवर (बातम्या तपासणाऱ्या संपादकीय विभागात) पाड्यावरच्या मुलाची कॉपी, म्हणजे लिहून पाठवलेली बातमी, ‘शुद्ध नाही’ म्हणून मागे जाते आणि दोन-तीनदा असं झालं की मुलगा लिहिणं सोडतो. ऱ्हस्व-दीर्घ डेस्क पाच मिनिटांत नीट करू शकतं. वनहक्क दाव्याच्या सुनावणीत म्हातारी पावरीत काय बोलली, ते डेस्कला कधीच कळणार नाही. मुलाने आधी आवाजात बातमी सांगावी, ती उतरवून घ्यावी, मग त्याच्याच शेजारी बसून दुरुस्ती करावी. महिनाभर रोज असं केलं की फरक दिसतो.

आणखी एक. या मुलांना फक्त ‘त्यांच्या’ बातम्या देऊ नका. जयंती, मोर्चा, अत्याचार एवढंच वाट्याला आलं तर दहा वर्षांनीही कुणी त्यांना अर्थसंकल्प किंवा सहकार देत नाही, आणि संपादकपदाचा रस्ता त्या विषयांतून जातो.

हिशेबनीस

‘खबर लहरिया’ एका स्वयंसेवी संस्थेच्या पाठबळावर उभं राहिलं. बातमीदार बायकांना प्रशिक्षण मिळालं, कामाचे पैसे मिळाले. माझा मुद्दा तोच आहे. आधी पैशाची सोय, मग हाक. मराठीत ती सोय कोण करतंय, ते सांगा.

कागदवाचक

शिक्षणापुरती काही सोय आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. अडचण अशी की रक्कम हप्त्यांनी आणि बऱ्याचदा उशिरा येते, खोलीचं डिपॉझिट मात्र पहिल्या दिवशी लागतं. मुलं प्रवेश घेऊनही परत जातात ती या पहिल्या तीन महिन्यांत. तुमच्या गावातल्या जयंती मंडळाला, पतसंस्थेला मदत करायचीच असेल तर कॅमेरा घेऊन देऊ नये, तीन महिन्यांचं खोलीभाडं द्यावं.

नोकरीपुरतं उत्तर माझ्याकडे तुमच्याइतकं पक्कं नाही. पण मुलांनी भरतीची तयारी सोडावी असं मी म्हणत नाही. महिन्याला एक कागद, एक बातमी, एवढं भरतीच्या अभ्यासासोबत होतं. वर्षभरात दहा-बारा बातम्यांची फाइल तयार होते. मुलाखतीला ती फाइल पुढे ठेवता येते आणि संपादकाला ‘जाहिरात आणणार नाही, नेमणूकपत्र द्या’ असं सांगायला बळ मिळतं.

हिशेबनीस

भरती सोडायची नाही, हे आता लिहिलंत. धाग्याच्या पहिल्या परिच्छेदात ते नव्हतं. माझा अर्धा विरोध तिथेच होता. उरलेला अर्धा नेमणूकपत्रावर आहे. ते देणारा संपादक तालुक्याच्या पातळीवर आज जवळपास नाही, आणि एकट्या पोराने मागितलं तर दुसऱ्या दिवशी दुसरा वार्ताहर नेमला जातो. मागायचंच असेल तर तालुक्यातल्या सगळ्या वार्ताहरांनी, सगळ्या दैनिकांकडे, एकाच वेळी मागावं. पत्रकार संघांनी पुरस्कार सोहळ्यांआधी हे काम हातात घ्यावं. ते होईपर्यंत मी कुणाच्या पोराला ‘ये’ म्हणणार नाही.