शब्दचर्चा: ‘संभ्रम’, ‘गैरसमज’ की ‘गफलत’?

प्रश्न (मालवण)

माझी वहिनी कोकम सरबत, आगळ आणि आमसुलं विकते. सरबताच्या नावाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून तिने अर्ज केला. ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये नाव छापून आलं आणि पाठोपाठ एका जुन्या उत्पादकाची विरोधाची नोटीस आली. खरी नावं देत नाही. समजा आमचं ‘सागररस’ आणि त्यांचं ‘साखररस’.

नोटीस इंग्रजीत होती, म्हणून वहिनीसाठी मी ती मराठीत करायला बसलो. पहिल्या खर्ड्यात ‘deceptively similar’साठी ‘फसवे साम्य’ असं लिहिलं. तिने वाचलं, कागद गल्ल्यावर ठेवला आणि विचारलं, “भावोजी, मी कोणाक फसवलंय?” त्या दुपारी ती जेवली नाही. सात वर्षं स्वतःच्या हाताने रातांबे फोडणाऱ्या बाईला हा शब्द किती लागला असेल ते मला तेव्हा कळलं.

मग मी ‘ग्राहकाचा गैरसमज होण्याची शक्यता’ असं केलं. शेजारचे काका म्हणतात, ‘गफलत’ लिही, सगळ्यांना कळतं. नेमका शब्द कोणता?

उत्तर (वेंगुर्ले)

‘गफलत’ नको. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि मुळात त्याचा अर्थ बेसावधपणा, दुर्लक्ष. ‘माझी गफलत झाली’ म्हणणारा माणूस चूक स्वतःकडे घेतो. इथे लिहिलात तर दोष गिऱ्हाइकाच्या माथी बसेल, की त्याने नीट पाहिलं नाही. ‘फसवे’ म्हटलं की दोष विकणाऱ्याकडे जातो. आपल्याला दोघांनाही आरोपी न करणारा शब्द हवा.

उरले ‘गैरसमज’ आणि ‘संभ्रम’. मी शाळेत संस्कृत शिकवत असे, त्यामुळे मला न्यायशास्त्रातली, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातली, जोडी आठवते. तिन्हीसांजेला लांबून काहीतरी उभं दिसतं आणि मन म्हणतं, हा खांब की माणूस? हा संशय. वाळूत शिंपला चमकतो आणि आपण चांदी समजून तो उचलायला वाकतो. हा विपर्यय. पहिल्यात मन दोन टोकांमध्ये हेलकावे खातं, दुसऱ्यात ते खात्रीने चुकतं. गैरसमज हा विपर्ययाच्या घरातला आहे आणि संभ्रम संशयाच्या. ‘साखररस’ समजून ‘सागररस’ नेलं तर गैरसमज. बाटली हातात घेऊन ‘हे तेच का, की त्यांचंच दुसरं काही?’ असं वाटलं तर संभ्रम.

जाता जाता: संस्कृतात ‘संभ्रम’ला लगबग आणि आदर असेही अर्थ आहेत. पाहुणा आला की घरात जी धांदल उडते, तीही संभ्रमच. मराठीत आज तो अर्थ जवळजवळ गेला.

उत्तर (रत्नागिरी)

मी ट्रेडमार्कची कामं पाहतो. वेंगुर्ल्याच्या बाईंनी केलेला भेद 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातल्या ‘फसव्या साम्या’च्या व्याख्येतही आहे. तिथे फसगत आणि संभ्रम असे दोन वेगळे शब्द ‘किंवा’ने जोडलेत, म्हणजे नुसता संभ्रम होण्याजोगा असला तरी पुरे. कलम 11 तर आणखी पुढे जातं: दोन्ही माल एकाच घरचे असावेत असं लोकांना वाटण्याजोगं असलं, तरी तो संभ्रमच धरतात. विकणाऱ्याच्या मनात कपट होतं का, हा इथला प्रश्नच नाही. वहिनींना हे आवर्जून सांगा.

शब्दांवर प्रेम करणाऱ्यांनी ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांचा 1962 चा निकाल जरूर पाहावा. उच्च न्यायालयाने नावांची फोड करून अर्थ वेगळे मानले होते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, साधारण बुद्धीचं आणि अर्धवट आठवण असलेलं गिऱ्हाईक व्युत्पत्ती करत बसत नाही. त्याच्या कानात राहतो तो सबंध नावाचा नाद. साम्य मान्य झालं; पण ‘लक्ष्मणधारा’ बरीच वर्षं उघडपणे विकली जात होती, म्हणून तिची नोंदणी उत्तर प्रदेशातल्या विक्रीपुरती राहू दिली. म्हणून ‘सागर म्हणजे समुद्र, साखर म्हणजे साखर’ एवढ्यावर विसंबू नका. ‘रस’ दोघांच्याही नावात आहे, पण तो मालाचं वर्णन करणारा शब्द, त्यावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही. वहिनींची सात वर्षांची बिलं मात्र उघड विक्रीचा पुरावा म्हणून आजच शोधून ठेवा.

आणखी एक शब्द जपून वापरा: ‘हरकत’. ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षकाने काढलेल्या हरकतीला ‘आक्षेप’ म्हणा, त्याला उत्तर एका महिन्यात. तिऱ्हाइताने घेतलेल्या हरकतीला ‘विरोध’ म्हणा, त्यावर काउंटर स्टेटमेंट, म्हणजे आपलं लेखी उत्तर, दोन महिन्यांत. ते गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. दोन्हींना ‘हरकत’ म्हणत राहिल्याने मुदत हुकलेली माणसं माझ्याकडे येतात, म्हणून कळकळीने सांगतोय.

प्रश्नकर्ता

बाई, दादा, आभार. ‘अर्धवट आठवण’ काल दुकानात डोळ्यांनी पाहिली. मुंबईहून आलेल्या एक आजी म्हणाल्या, “गेल्या गणपतीत नेलं होतं ते द्या, लाल झाकणाचं, सा… सागर का साखर काहीतरी.” वहिनीने बाटली पुढे केली. आजींनी ती लांब धरून पाहिली, झाकणावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हेच ना गं?” वहिनी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “आमचा हाच, आजी. पण तुम्ही न्हेलास ता कुठला, माका ठाव नाय.”

‘शक्यता’ मात्र मी काढून टाकतोय. पावसाचीही शक्यता असते आणि लॉटरी लागण्याचीही. इथे लागतो त्याहून घट्ट शब्द. दादांच्या उत्तरातलं ‘होण्याजोगं’ उचललं. आता ओळ अशी आहे: ‘दोन्ही नावांत ग्राहकाला संभ्रम होण्याजोगे साम्य आहे, असे विरोधकाचे म्हणणे आहे.’ वहिनीने दोनदा वाचली आणि बिलांची पिशवी काढायला माळ्यावर चढली.